पाण्यावरचे इंजिन, घरातली कार्यशाळा

मालवण-तारकर्लीच्या किंवा कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर गेलेल्या बहुतेकांनी वॉटर स्कूटर पाहिलेली असते. पैसे मोजायचे, लाइफ जॅकेट चढवायचे, चालकाच्या मागे बसून लाटांवर एक फेरी मारायची आणि अंगावरचे खारे पाणी पुसत परत यायचे. आपला या वाहनाशी संबंध सहसा एवढाच. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत मात्र हे वाहन घराघरांतल्या गॅरेजमध्ये आहे, आणि तिथे त्याच्याभोवती एक वेगळाच उद्योग उभा राहिला आहे. जुनी, बंद पडलेली वॉटर स्कूटर ट्रेलरसकट स्वस्तात विकत घ्यायची, तिचे इंजिन बाहेर काढून घरीच खोलायचे, दुरुस्त करायचे आणि जमल्यास मूळच्यापेक्षा जास्त ताकदीचे करून पुन्हा पाण्यात सोडायचे. या कामात पिढ्या तयार झाल्या.

या छंदाचा इतिहास म्हटले तर किरकोळ विषय आहे. पण थोडे खोलात गेल्यावर लक्षात येते की त्यात विसाव्या शतकातल्या यंत्रविद्येचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. सामान्य माणसाला आपले यंत्र उघडता यावे की नाही? आणि उघडता येण्याजोगे साधे यंत्र जर नदी-तळी नासवणारे असेल, तर आपण कोणती बाजू घ्यायची? वॉटर स्कूटरच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या कथेत हे दोन्ही प्रश्न एकमेकांत इतके गुंतले आहेत की एकाचे उत्तर देताना दुसरा समोर येतोच.

प्रथम नावाबद्दल. वनस्पती तुपाला आपण सरसकट ‘डालडा’ म्हणत आलो, तसे जगभर या वाहनाला ‘जेट स्की’ म्हणतात. वास्तविक ते कावासाकी या जपानी कंपनीचे व्यापारी नाव आहे. ‘सी-डू’ हे मूळचे बोम्बार्डिए या कॅनडियन कंपनीचे आणि ‘वेव्हरनर’ यामाहाचे. या लेखात आपण ‘वॉटर स्कूटर’ हा आपल्या किनाऱ्यावर रूढ असलेला शब्द वापरू.

तीन कार्यशाळा

या वाहनाचा जन्म एका जागी झाला नाही. तीन वेगवेगळ्या देशांत, तीन वेगळ्या अडचणींतून निघालेल्या तीन गोष्टी त्यात एकत्र आल्या.

पहिली गोष्ट पाण्याच्या झोताची. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आयरिशमन क्रीक नावाच्या मेंढपाळीच्या रानात बिल हॅमिल्टन हा शेतकरी राहत असे. घराशेजारीच त्याची कार्यशाळा होती. तिथल्या नद्या रुंद, वेगवान, पण कमालीच्या उथळ. साधी मोटरबोट नेली तर खालचा पंखा दगडगोट्यांवर आपटून तुटायचा. हॅमिल्टनने पंखा बोटीच्या आत घेतला. तळातून पाणी शोषायचे आणि मागच्या बाजूने जोराने फेकायचे, त्या झोताच्या रेट्याने बोट पुढे जाईल, ही कल्पना जुनीच होती. ती वापरण्याजोगी करण्याचे श्रेय त्याचे. १९५४ च्या सुमारास त्याच्या बोटी चालू लागल्या. झोत पाण्याखाली सोडण्याऐवजी पाण्याच्या पातळीवर हवेत सोडला तर वेग वाढतो, हेही त्याला प्रयोगातून उमगले. १९६० मध्ये त्याच्या बोटी अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढून गेल्या. वॉटर स्कूटरला बाहेर पंखा नसतो, तो याच वंशामुळे.

दुसरी गोष्ट बर्फाची. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाच्या गावी जोझेफ-आर्मां बोम्बार्डिए याचे मोटार दुरुस्तीचे गॅरेज होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहानगा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते, इस्पितळापर्यंत नेणारे वाहन नव्हते, आणि मूल दगावले. बर्फावर चालणाऱ्या गाडीचा ध्यास त्याला आधीपासून होता. या घटनेनंतर त्याने तो तडीला नेला. १९५९ मध्ये एक-दोन माणसांना नेणारी ‘स्की-डू’ ही हलकी स्नोमोबिल बाजारात आली. तिला लागणारे हलके आणि थंडीत पटकन सुरू होणारे इंजिन पुढे ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स या कारखान्याकडून येऊ लागले. १९७० मध्ये बोम्बार्डिए कंपनीने रोटॅक्सच विकत घेतली. ही इंजिने टू-स्ट्रोक होती.

तिसरी गोष्ट त्या टू-स्ट्रोकचीच. तिचा माग जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या चोपाऊ या छोट्या गावी जातो. रासमुसेन या डॅनिश उद्योजकाने तिथे डीकेडब्ल्यू हा मोटरसायकलचा कारखाना काढला होता. टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीला भोके असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखाली होताना ती भोके उघडतात आणि झाकली जातात. आत येणारे ताजे मिश्रण आणि बाहेर जाणारा जळका धूर एकाच वेळी सिलिंडरमध्ये असतात, म्हणून त्यांची सरमिसळ टाळणे ही या इंजिनाची कायमची डोकेदुखी. आडोल्फ श्न्यूर्ले या अभियंत्याने ताजे मिश्रण दोन बाजूंनी तिरके आत सोडून, समोरच्या भिंतीवरून वर वळवण्याची रचना शोधली. डीकेडब्ल्यूने ती उचलली. युद्धानंतर त्यांच्या आरटी १२५ या मोटरसायकलचा आराखडा जेत्या राष्ट्रांना मोकळा झाला. इंग्लंडची बीएसए बँटम, अमेरिकेतली हार्ले-डेव्हिडसनची छोटी गाडी, आणि १९५५ मध्ये आलेली यामाहाची अगदी पहिली मोटरसायकल वायए-१, या सगळ्या त्या एका आराखड्याच्या लेकी.

काडेनचा आवाज

चोपाऊचा कारखाना पूर्व जर्मनीत गेला आणि एमझेड या नावाने चालू राहिला. युद्धकाळात क्षेपणास्त्रांवर काम केलेला वाल्टर काडेन तिथल्या शर्यत विभागाचा प्रमुख झाला. हाताशी पैसा नव्हता, चांगला धातू मिळत नव्हता. त्याने लक्ष घातले ते इंजिनाच्या आवाजात.

पोर्ट उघडताच धुराचा दाब सायलेन्सरच्या नळीतून ध्वनिलहरीसारखा धावत जातो. नळी पुढे रुंदावत गेली तर उलट दिशेने कमी दाबाची लहर परत येते आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते. त्या ओढीत थोडे ताजे मिश्रणही नळीत निसटते. त्यापुढे नळी पुन्हा अरुंद केली तर तिथून दाबाची लहर परतते आणि पोर्ट बंद होण्याच्या आत ते निसटलेले मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. रुंद पोटाच्या या नळीला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. मूळ कल्पना काडेनची एकट्याची नव्हती, पण तिचे शास्त्र त्याने बसवले. १९६१ साली त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. लिटरमागे २०० अश्वशक्तीचा हा टप्पा बाहेरून दाबाने हवा न भरणाऱ्या इंजिनाने त्याआधी गाठला नव्हता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमधल्या शर्यतीनंतर एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर परत गेलाच नाही. त्याच्या बायकोमुलांना मोटारीत लपवून पश्चिमेत आणण्यात आले होते. तो सुझुकीकडे गेला, आणि त्याच्याबरोबर काडेनची विद्याही गेली. १९६२ चे ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद डेग्नरने सुझुकीच्या गाडीवर मिळवले. पाठोपाठ हे ज्ञान साऱ्या जपानी कारखान्यांत पसरले. आपल्याकडे १९८० च्या दशकात आलेल्या राजदूत ३५० आणि यामाहा आरएक्स १०० या गाड्यांचा जो आवाज अजून लोकांच्या कानात आहे, त्याचे मूळ चोपाऊच्या शर्यत विभागात आहे.

हे ज्ञान कारखान्यांतून घराघरांत यायला मात्र आणखी एक दुवा लागला. अमेरिकन मोटरसायकल पत्रकार गॉर्डन जेनिंग्ज याने १९७३ मध्ये टू-स्ट्रोक इंजिन घरी कसे सुधारावे यावर एक हस्तपुस्तिका लिहिली. पोर्ट किती अंश उघडे राहावेत, नळीची लांबी कशी काढावी, दट्ट्याच्या माथ्यावर किती जागा सोडावी, हे सारे त्यात बीजगणितापलीकडे न जाता मांडले होते. शाळेतले गणित येणारा आणि हातात कानस धरता येणारा कोणीही ते करून पाहू शकत होता. ज्या विद्येसाठी दहा-बारा वर्षांपूर्वी माणूस देश सोडून पळाला होता, ती आता पुस्तकाच्या किमतीत मिळू लागली.

जेकबसनचे वाहन

पाण्यावरच्या स्कूटरचा प्रयत्न त्याआधीही झाला होता. इंग्लंडच्या व्हिन्सेंट या मोटरसायकल कंपनीने १९५० च्या दशकाच्या मध्यात ‘अमांडा’ नावाची वॉटर स्कूटर काढली, पण ती रुजली नाही. आजच्या वाहनाचा जनक म्हणून मान मिळतो तो क्लेटन जेकबसन या अमेरिकन माणसाला. तो मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतींचा शौकीन. मातीवर पडून अंग सोलवटण्यापेक्षा पाण्यात पडणे बरे, हा साधा विचार त्याच्या डोक्यात आला. १९६० च्या दशकाच्या मध्यात त्याने ॲल्युमिनियमचा पहिला नमुना बनवला. त्यात बाहेरचा पंखा नव्हता, झोताचा पंप होता. आणि इंजिन टू-स्ट्रोक होते.

त्याची कल्पना बोम्बार्डिएने घेतली. १९६८ मध्ये बसून चालवायची पहिली सी-डू आली. तिच्यात स्नोमोबिलच्या घराण्यातले, हवेने थंड होणारे एक सिलिंडरचे रोटॅक्स इंजिन होते. बर्फातले यंत्र उन्हाळ्यात, बंद डब्यात, खाऱ्या पाण्यात चालवण्याचा हा प्रयोग दोन-तीन वर्षांत थांबला. मग जेकबसनने कावासाकीशी करार केला आणि १९७३ मध्ये उभे राहून चालवायची जेट स्की बाजारात आली. ४०० सीसी, दोन सिलिंडर, पाण्याने थंड होणारे टू-स्ट्रोक. कावासाकी त्या काळी स्नोमोबिलनाही इंजिने पुरवत असे, त्यामुळे हातखंडा होताच. पुढे ४४० आणि ५५० सीसीच्या आवृत्त्या आल्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात यामाहाची वेव्हरनर आली, १९८८ मध्ये सी-डू पुन्हा अवतरली, आणि बसून चालवायच्या गाड्यांमुळे कुटुंबेही गिऱ्हाईक झाली. १९९५ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे २ लाख नव्या वॉटर स्कूटर विकल्या गेल्या.

नव्या गाड्यांचा असा पूर आला की चार-पाच वर्षांत जुन्यांचा बाजार भरतोच. हंगामात मोजके दिवस चालवलेली, हिवाळाभर पेट्रोलसकट उभी ठेवलेली, पुढच्या उन्हाळ्यात सुरू न होणारी गाडी मालकाला डोईजड होते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीएवढा. अशा गाड्या अंगणाबाहेर ‘विकणे आहे’ची पाटी लावून उभ्या राहू लागल्या आणि घरच्या कारागिराला कच्चा माल मिळाला.

जमिनीवरची विद्या पाण्यात

मोटरसायकलचे टू-स्ट्रोक जाणणाऱ्या माणसाला वाटे, हे तेच तर इंजिन आहे. सांगाडा तोच होता, पण पाण्याने तीन गोष्टी बदलल्या होत्या, आणि त्या न कळल्याने पहिल्या पिढीने बरेच पिस्टन वितळवले.

पहिली गोष्ट भाराची. मोटरसायकलस्वार ॲक्सिलरेटर सोडतो, गिअर बदलतो, उतारावर इंजिनाला उसंत मिळते. वॉटर स्कूटरला गिअर नसतात. इंजिनाचा दांडा थेट पंपाच्या आतल्या पंख्याला, म्हणजे इम्पेलरला जोडलेला. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट, तर ताकद आठपट. मोकळ्या तळ्यावर मूठ पूर्ण पिळून माणूस मैलोनमैल जातो, आणि त्या सगळ्या वेळात इंजिन चढ चढत असते. मिश्रणात पेट्रोल जरा कमी पडले तर मोटरसायकल कदाचित घरी पोचवील. वॉटर स्कूटर तळ्याच्या मध्यावर जाम होते.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. तिला रेडिएटर नसतो. पंपातल्याच पाण्याचा थोडा भाग नळीने इंजिनाभोवती फिरतो आणि बाहेर पडतो. म्हणजे जमिनीवर इंजिन सुरू केले तर थंड करायला पाणीच नाही. म्हणून घरी चाचणी घेताना बागेची पाइप जोडतात, आणि त्याचाही क्रम ठरलेला: आधी इंजिन सुरू, मग पाणी, बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. हा क्रम उलटा झाला तर दाब नसलेल्या सायलेन्सरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

तिसरी गोष्ट सर्वांत गमतीची. ध्वनिलहरीचा वेग वायूच्या तापमानावर अवलंबून असतो. वॉटर स्कूटरच्या एक्स्पान्शन चेंबरभोवती पाणी खेळते, आणि बऱ्याच रचनांत थोडे पाणी नळीच्या आतही फवारले जाते. धूर थंड झाला की लहर मंदावते, आणि नळी अधिक लांब असल्यासारखी वागते. त्यामुळे जेनिंग्जच्या सूत्रांनी काढलेली लांबी इथे थेट लागू पडेना. हुशार कारागिरांनी यातून उलट फायदा काढला. कमी फेऱ्यांवर पाणी जास्त फवारले तर ‘लांब’ नळी, जास्त फेऱ्यांवर पाणी तोडले तर ‘आखूड’ नळी. एकाच लोखंडी नळीतून दोन नळ्यांचे काम. पुढे याची विजेवर चालणारी उपकरणेही विकत मिळू लागली.

खोलण्याचा क्रम

जुने इंजिन घरी उभे करण्याची एक पद्धत या चाळीस वर्षांत रूढ झाली. आपल्याकडच्या जुन्या गॅरेजवाल्यांना ती ओळखीची वाटेल.

सुरुवात दाबमापकाने. प्लग काढून त्या जागी मापक बसवायचा, मूठ पूर्ण उघडी ठेवून इंजिन फिरवायचे. पुष्कळशा जुन्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दर चौरस इंचाला १२० ते १५० पौंडांच्या दरम्यान दाब येतो. आकड्यापेक्षा महत्त्वाचा असतो दोन सिलिंडरांतला फरक. तो दहा टक्क्यांहून जास्त असेल तर एका बाजूचे रिंग किंवा बोअर गेले आहे.

हा मापक क्रँककेसबद्दल काहीच सांगत नाही, आणि टू-स्ट्रोकचे खरे मरण तिथे असते. मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते, मग सिलिंडरमध्ये. दांड्याचे ऑइल सील वाळले, पॅकिंग फाटले, की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. हवा वाढली, पेट्रोल आणि त्यातले ऑइल त्या मानाने घटले, पिस्टन तापला, चिकटला. म्हणून सगळी तोंडे पट्ट्यांनी बंद करून आत सहा-आठ पौंड दाबाची हवा भरतात आणि काटा उतरतो का ते पाहतात. गळती शोधायची युक्ती पंक्चरवाल्याचीच: साबणाचे पाणी लावायचे आणि बुडबुडा कुठे येतो ते बघायचे.

या कामातला सर्वांत मोलाचा नियम एकच आहे. जुना पिस्टन का गेला हे कळल्याशिवाय नवा घालायचा नाही. पिस्टनवरच्या खुणा पुरावा देतात. धूर बाहेर पडण्याच्या बाजूला ओरखडे असतील तर मिश्रणात पेट्रोल कमी होते किंवा थंडावा अपुरा होता. चारही बाजूंना सारखे ओरखडे असतील तर थंड इंजिन एकदम पळवले. माथ्याला भोक असेल तर अवेळी स्फोट होत होते. बेअरिंगवर गंजाचे ठिपके म्हणजे कधीतरी गाडी बुडाली होती आणि पाणी आतच राहिले. विकणाऱ्याने काहीही सांगितलेले असो, इंजिन आपला इतिहास लपवत नाही. बहुतेक वेळा मूळ दोष अगदी क्षुद्र निघतो: आतून विरघळलेली पेट्रोलची रबरी नळी आणि तिच्या गाळाने तुंबलेली कार्ब्युरेटरमधली बोटाच्या नखाएवढी जाळी. शंभर रुपयांच्या वस्तूने हजारोंचे इंजिन खाल्लेले असते.

‘घरी’ हा शब्दही इथे सैलच घ्यायचा. सिलिंडर पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा बोअर करायला लेथ-मशिनवाल्याकडे जावेच लागते. क्रँक दाबून जोडलेला असतो. तो सरळ फिरतो का, हे डायल लावून बघणारा जाणता माणूस लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सिलिंडर खांद्यावर टाकून गेलेल्या कोणालाही हे जाळे समजेल. घरचा कारागीर एकटा नसतो; तो मोजतो, ठरवतो, जुळवतो, आणि मधल्या कामांसाठी दहा दारे ठोठावतो.

दुरुस्ती झाली की ट्यूनिंगचा मोह सुरू होतो. धुराचा पोर्ट मिलिमीटरभर उंच घासला की वरच्या फेऱ्यांवर ताकद वाढते, खालची जाते. हेड घासून दाब वाढवला तर जास्त ऑक्टेनचे पेट्रोल लागते. पिस्टन आणि हेड यांच्या कडेतले अंतर मोजायला प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून इंजिन हाताने फिरवतात. चपटी झालेली तार मापून जे अंतर येते, ते साधारण मिलिमीटरभर ठेवतात. कार्ब्युरेटर आपल्या आरएक्स १०० सारखा वाटीत तरंगत्या फ्लोटचा नसतो, कारण ही गाडी पाण्यात उलटी होते. त्यात पातळ पडदा असतो आणि त्याची झडप किती दाबाला उघडते तेही बसवावे लागते. शेवटी वाढलेल्या ताकदीला साजेसा इम्पेलर. यातली एक गोष्ट बदलली की बाकी सगळ्या पुन्हा तपासाव्या लागतात. आणि सगळे झाल्यावर, किल्ली फिरवण्याआधी आसन उघडून आत कोंडलेली पेट्रोलची वाफ जाऊ द्यायची. बंद डब्यातली ती वाफ एका ठिणगीने माणूस भाजू शकते.

पाण्याचा हिशेब

इथवरची कथा कौतुकाची आहे. आता दुसरी बाजू.

टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आणि धूर एकाच वेळी सिलिंडरमध्ये असतात हे आपण पाहिले. काडेनच्या नळीने निसटलेले मिश्रण परत ढकलले खरे, पण फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यातच. त्याबाहेर ते निसटतेच. कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक बोट-इंजिनांतून पेट्रोलचा २५ ते ३० टक्क्यांपर्यंत भाग न जळताच बाहेर पडू शकतो, असा अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणांचा अंदाज होता. मोटरसायकलचे ते पेट्रोल हवेत जाते. वॉटर स्कूटरचे थेट पाण्यात, ऑइलसकट.

तळ्याकाठच्या लोकांचा राग आधी आवाजावर होता. वॉशिंग्टन राज्यातल्या सॅन वान या बेटांच्या जिल्ह्याने १९९६ मध्ये आपल्या पाण्यात वॉटर स्कूटरना बंदी घातली आणि १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण निर्णायक ठरले ते प्रदूषणच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये नियम केले: बोटींची बाहेर लावायची इंजिने आणि वॉटर स्कूटर यांतून पडणारे हायड्रोकार्बन २००६ पर्यंत टप्प्याटप्प्याने सुमारे ७५ टक्क्यांनी घटले पाहिजेत. कॅलिफोर्नियाने तीच पातळी २००१ पर्यंत गाठायला सांगितली. निळ्याशार पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या लेक टाहोवर १ जून १९९९ पासून कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकना बंदी आली. त्या तळ्याचे पाणी लोक पितातही. २००० मध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या बहुतेक पाण्यांतून वॉटर स्कूटर हद्दपार झाल्या.

कंपन्यांनी आधी टू-स्ट्रोक वाचवायचा प्रयत्न केला. पोर्ट बंद झाल्यावरच पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायचे, म्हणजे निसटायला काही उरतच नाही, अशा गाड्या १९९९ ते २००१ च्या दरम्यान आल्या. पण २००२ च्या मॉडेलांत यामाहा, सी-डू आणि होंडा या तिघांनीही फोर-स्ट्रोक वॉटर स्कूटर आणल्या आणि प्रश्न निकालात निघाला. कावासाकीची उभ्याने चालवायची टू-स्ट्रोक २०११ पर्यंत टिकली. यामाहाची सुपरजेट अमेरिकेत केवळ शर्यतीसाठीचे वाहन म्हणून २०२० पर्यंत विकली गेली आणि पुढच्या वर्षी तीही फोर-स्ट्रोक झाली.

झाकण लागले

नवी इंजिने निर्विवाद चांगली आहेत. कमी पितात, शांत चालतात, पाणी स्वच्छ ठेवतात, कित्येक पटींनी जास्त टिकतात. पण ती उघडायला केवळ पाने-पक्कड पुरत नाहीत. झडपा, कॅमशाफ्ट, सुपरचार्जर, आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा संगणक. किल्लीतही सांकेतिक आकडे. किल्ली हरवली तर नवी किल्ली गाडीला ‘ओळख’ करून देण्याचे उपकरण अधिकृत विक्रेत्याकडेच. अमेरिकेत असा संगणकी पहारा ओलांडणे हाच कॉपीराइट कायद्याने गुन्हा ठरू शकत होता. मोटारी आणि ट्रॅक्टर यांना २०१५ मध्ये दुरुस्तीपुरती सूट मिळाली. बोटींना ती मिळायला २०२१ उजाडले. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी समिती नेमली आणि मोटारी, शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे हे विषय तिच्यापुढे ठेवले.

हा वाद मांडताना पुष्कळदा जुन्या यंत्रांना भोळे आणि नव्यांना कपटी ठरवले जाते. वॉटर स्कूटरचा इतिहास तसे करू देत नाही. टू-स्ट्रोक घरी उघडता येत होते, कारण त्यात झडपा नव्हत्या, भिंतीला भोके होती. आणि ते पाणी नासवत होते तेही त्याच भोकांमुळे. त्याचा गुण आणि दोष एकाच जागी होता. एक ठेवून दुसरा काढता आला नाही. ज्या मेकॅनिकने पोर्ट मिलिमीटरभर उंच घासून आपली कर्तबगारी दाखवली, त्यानेच पोर्ट जास्त वेळ उघडा ठेवून तळ्यात जास्त पेट्रोल सोडले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मात्र यातून दुसरा निष्कर्ष निघतो असे समजू नये. स्वच्छ पाण्यासाठी झडपा आणि फवारणी आवश्यक होती. किल्लीची ओळख विक्रेत्याच्याच हाती ठेवणे त्यासाठी आवश्यक नव्हते. फोर-स्ट्रोक इंजिन माणसाला शिकता येते. आपल्याकडच्या चेतक आणि यामाहावर हात बसलेल्या मेकॅनिकांनी २००० नंतर धुराचे नियम कडक झाले तसे फोर-स्ट्रोक शिकूनच घेतले. त्यांना अडवले ते झडपांनी नव्हे. अडचण आली ती जिथे माहितीच मिळेना तिथे. कायदा पाण्यासाठी झाला, कुलूप बाजारासाठी लागले, आणि दोन्ही एकाच सुमारास आल्यामुळे लोकांनी त्यांना एकच समजले. इतिहासाचा उपयोग इथे होतो: जोडीने आलेल्या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवणे.

हॅमिल्टनच्या रानातली कार्यशाळा, बोम्बार्डिएचे गॅरेज, काडेनचा शर्यत विभाग. या तिन्ही जागी काम करणाऱ्या माणसांना समोरचे यंत्र उघडून बघता येत होते, म्हणून पुढचे यंत्र जन्माला आले. आज उभ्याने चालवायच्या जुन्या टू-स्ट्रोकभोवती छोट्या कार्यशाळांचे जग अजून टिकून आहे. सिलिंडर, क्रँक, हेड, नळी, अगदी होडीचा सांगाडासुद्धा नव्याने बनवून मिळतो. त्या गाड्या आता मोजक्या पाण्यांत आणि शर्यतींत चालतात, आणि ते योग्यच आहे. त्यांच्यावर हात बसलेली मुले उद्या विजेवरच्या वॉटर स्कूटरची बॅटरी उघडू पाहतील. पुण्याच्या चेतकनेही २०२० मध्ये विजेचे रूप घेतलेच आहे. तेव्हा त्या मुलांना आत काय आहे ते बघू द्यायचे की नाही, हे त्यांच्या कौशल्यावर ठरणार नाही. ते आपण कोणते कायदे करतो आणि कोणती कुलपे निमूट चालवून घेतो, यावर ठरेल.